रीसचं तळघर, ओहायोचे बकाय आणि हातानं वळलेली चॉकलेटची अंडी

रेवाकाठी

खाऊच्या धाग्यावर परवा पीनट बटर कपचा विषय निघाला होता. 'दाण्याचा कूट चॉकलेटात बुडवला, यात एवढं कौतुक कसलं?' असा एक प्रतिसाद होता. त्याला उत्तर लिहायला बसले तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मी राहते ते पेनसिल्वेनियात, हॅरिसबर्गच्या आसपास. हर्षी गाव इथून हाकेच्या अंतरावर. जगाला हा खाऊ नारिंगी वेष्टनातला कप म्हणून माहीत आहे. इथल्या म्हाताऱ्या बायकांना विचाराल तर त्या म्हणतील, 'तो दुकानातला. आमचा वेगळा.' आणि त्यांचं खरं आहे. पण नाव झालं ते हा कप बाजारात आणणाऱ्या रीसचं, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

हॅरी बर्नेट रीस १८७९ साली यॉर्क काउंटीतल्या एका शेतकरी घरात जन्मला. बरेच उद्योग केले, त्यातले फारसे चालले नाहीत. १९१७ मध्ये तो मिल्टन हर्षीच्या एका गोठ्यावर कामाला लागला. चॉकलेटवाल्याला गोठा कशाला, असं वाटेल. हर्षीनं १९०० साली आपली कॅरॅमलची कंपनी दहा लाख डॉलरला विकली आणि सगळं लक्ष दुधाच्या चॉकलेटवर लावलं. १९०५ मध्ये कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती गाव वसलं, आणि कारखान्याला रोज ताजं दूध लागायचं. म्हणून गायी, म्हणून गोठे, म्हणून रीस.

रीसला सोळा मुलं झाली. सोळा! पगारात भागणं शक्यच नव्हतं. घराच्या तळघरात मिठाई करून विकायची, असा जोडधंदा त्यानं धरला आणि १९२३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीच्या मालात पीनट बटर नव्हतंच. काकवी आणि खोबऱ्याचे बार होते, लिझी आणि जॉनी या आपल्या मुलांची नावं दिलेले. शिवाय चॉकलेटमध्ये बुडवलेले नाना प्रकार, एकाच खोक्यात एकत्र भरून विकायला. १९२८ च्या सुमारास त्यात पीनट बटरचा कप आला. तोही सुटा नव्हे. पाच पौंडांच्या खोक्यातून दुकानदाराकडे जायचा, आणि दुकानदार तो आपल्या निरनिराळ्या चॉकलेटांच्या खोक्यात घालायचा. १९३० च्या दशकातल्या मंदीत तो एक सेंटला सुटा मिळायला लागला, तेव्हा कुठे तो पोरांच्या खिशात पोचला.

मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते ती ही, की वरचं चॉकलेट रीस हर्षीकडूनच विकत घ्यायचा. म्हणजे ज्याच्या गोठ्यावर राबला, त्याचाच गिऱ्हाईक झाला. हर्षीनंही कधी त्याची वाट अडवली नाही. का अडवेल? रीसचा एकेक कप विकला गेला की हर्षीचंच चॉकलेट खपत होतं.

दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं. रीसनं बाकीचे सगळे प्रकार बंद केले आणि एकट्या कपावर भर दिला. १९५६ मध्ये तो वारला, कंपनी सहा मुलग्यांकडे गेली, आणि १९६३ मध्ये त्यांनी ती हर्षीत विलीन केली. बदल्यात हर्षीचे शेअर मिळाले, तेव्हाच्या भावानं सुमारे २ कोटी ३५ लाख डॉलरचे. १९६९ पर्यंत तो कप हर्षीचा सर्वांत खपणारा माल झाला होता.

माझं मत असं की रीसनं दाणे आणि चॉकलेट ही जोडी शोधली नाही. त्याचं घर योग्य जागी होतं. दर्जेदार चॉकलेट दाराशी, पीनट बटर स्वस्त, घरात हातही भरपूर. तळघरात कप भरणारी ती माणसं डोळ्यासमोर आणा, मग तो कारखान्यातला खाऊ वाटणार नाही.

चर्चमधल्या अंड्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

कूटनीती

मस्त धागा! वाचनखूण साठवली.

एक शंका. पीनट बटर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांनी शोधलं ना? आपल्याकडे त्यांचं चरित्र घरोघरी वाचलेलं असतं, आणि भुईमुगापासून त्यांनी शेकड्यांनी पदार्थ केले हे तर पाठच आहे.

तळटीप

कूटनीती, कार्व्हरांचं मोठेपण तिथे नाहीये. टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत बसून त्यांनी अलाबामाच्या गरीब शेतकऱ्याला सांगितलं की कापसानं तुझी जमीन खाल्लीय, भुईमूग लाव, जमिनीला नत्र मिळेल आणि घरात खायलाही होईल. पण पिकवलेल्याचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न होताच. म्हणून १९१६ मध्ये त्यांनी एक पत्रिका काढली, तीत दाण्याच्या १०५ पाककृती होत्या. सूप, ब्रेड, लोणी, मिठाई, सगळं. पण तोवर पीनट बटर अमेरिकेत चांगलं रुळलं होतं.

हातात येतात ते दाखले असे. दक्षिण अमेरिकेत, जिथला भुईमूग मूळचा, तिथे दाणे वाटून खाणं फार जुनं. आधुनिक पेटंटांत पहिलं नाव माँट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसनचं, साल १८८४. भाजलेल्या दाण्यांची तापलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून पातळ पेस्ट करायची आणि ती थंड झाली की लोण्यासारखी होते, असं त्यात आहे. रेवाकाठींच्या विषयाला धरून यातला महत्त्वाचा तपशील म्हणजे ते पेटंट दाण्याच्या मिठाईसाठी होतं. पेस्टमध्ये साखर मिसळून घट्ट करायची आणि मिठाई बनवायची. म्हणजे ब्रेडला लावायचं कोणाच्या डोक्यात यायच्या आधीच कँडी डोक्यात होती.

त्यानंतर बॅटल क्रीकचे डॉ. जॉन हार्वे केलॉग, तेच कॉर्नफ्लेक्सवाले. त्यांच्या आरोग्यधामात मांस वर्ज्य, म्हणून रोग्यांना प्रथिनं द्यायला त्यांनी १८९५ मध्ये दाण्याच्या लोण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते दाणे उकडून घ्यायचे. चव काय असेल ती असो. सेंट लुइसच्या अँब्रोज स्ट्राउबनं १९०३ मध्ये दळायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या जागतिक प्रदर्शनात पीनट बटर विकलं गेलं.

सुरुवातीला हा श्रीमंतांच्या चहापानातला पदार्थ होता. यंत्रं आली, दाणे स्वस्त झाले, तसा तो खाली उतरला.

आणि जोडीबद्दल रेवाकाठी म्हणतात ते बरोबर आहे. नॅशव्हिलचा गू गू क्लस्टर १९१२ चा, त्यात दाणे, मार्शमेलो, कॅरॅमल आणि वरून चॉकलेट. पिट्सबर्गचा क्लार्क बार १९१७ चा, त्यात तर पीनट बटरचा कुरकुरीत गाभा आणि वर दुधाचं चॉकलेट. बटरफिंगर १९२३. हर्षीचा स्वतःचा दाण्याचा मिस्टर गुडबार १९२५. रीस रांगेत बराच मागे होता. पण बाकीच्यांचा गाभा कडक, दातानं फोडायचा. याचा मऊ आणि खारट.

कूटनीती

धन्यवाद तळटीप. म्हणजे १८८४ ला कँडीचं पेटंट आणि आमच्याकडे आजी कुठल्या पेटंटाविना दाण्याचे लाडू वळत होती. :)

सातारी_कंदील

हेच लिहायला आले होते. दाण्याचा लाडू चॉकलेटमध्ये बुडवला की झालं ना? आमच्याकडे एकादशीला लाडू उरले की हा प्रयोग करून बघणार. रेवाताई, पाकृ टाका की. आणि ते चर्चचं राहिलं तुमचं.

रेवाकाठी

पोळ्या झाल्या. हे घ्या चर्चचं.

इथल्या गावोगावच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधी पीनट बटरची अंडी करून विकतात. त्या पैशातून कुठे छपराची डागडुजी, कुठे हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल. ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपवासाचे, कित्येक जण त्या दिवसांत गोड सोडतात, आणि नेमके त्याच दिवसांत या बायका मणभर साखर उपसत असतात. हे मी त्यांना एकदा म्हटलं तर सगळ्या खो खो हसल्या. आपल्या एकादशीला दुप्पट खाणाऱ्यांनी बोलू नये, हेही मीच त्यांना सांगितलं.

शेजारच्या आजींमुळे मला तिथे मदतीला प्रवेश मिळाला. तळघरातला मोठा हॉल, स्टीलची लांबलचक टेबलं, सगळ्यांच्या डोक्याला जाळ्या. पहिली तुकडी पहाटे येते. पीनट बटर, लोणी, पिठीसाखर आणि मीठ मोठ्या मिक्सरमध्ये फिरवून ते घट्ट मळलेल्या कणकेसारखं करतात. मग दुसरी तुकडी गोळे तोलते. अंदाज नाही, प्रत्येक गोळा काट्यावर. ऑर्डरचा हिशोब चुकता कामा नये. तळव्यावर फिरवून एका टोकाला किंचित दाब दिला की अंड्याचा आकार येतो. मेणकागदावर ओळीनं मांडून ट्रे रात्रभर गार जागी.

दुसऱ्या दिवशी चॉकलेट. हे काम कोणालाही देत नाहीत. नव्या बायकांनी खोकी घडवायची, वेष्टनं लावायची. बुडवायला बसायचा मान वर्षानुवर्षं येणाऱ्यांचा. दोन दाती काट्यावर अंडं घ्यायचं, पातळ चॉकलेटमध्ये बुडवून उचलायचं, भांड्याच्या कडेवर काटा दोन-चारदा हलकेच आपटायचा म्हणजे जादा चॉकलेट गळून जातं. ते नीट गळलं नाही तर अंड्याखाली चॉकलेटचं थारोळं साचून तळवा तयार होतो. असं अंडं बाजूला काढतात, ते विकत नाहीत, ते खायला असतं. (मी त्या ट्रेजवळच घुटमळत असते.) मग कागदावर सरकवून काटा उचलताना चॉकलेटची जी तार निघते तिनंच वर खूण करायची. त्या चर्चमध्ये नारळाच्या अंड्यावर सरळ रेघ आणि पीनट बटरच्या अंड्यावर वेढा. बाहेरून सगळी सारखीच दिसतात, खूण नसली तर कोणाच्या खोक्यात काय गेलं कळणार नाही.

दुकानातही हा प्रकार मिळतो, रीसची कारखान्यातली अंडी साठच्या दशकापासून आहेत. पण त्या आजी म्हणतात ते 'आमचा वेगळा' याचं कारण मला तिथे कळलं. सारण कालचं असतं. भाजलेल्या दाण्याचा वास डब्यात महिनोन्महिने टिकत नाही, तो ताज्यातच असतो.

पाकृ मात्र मी देत नाही, ती चर्चची. कोलंबसकर काका येतीलच बकाय घेऊन, त्यांचीच घ्या.

कोलंबसकर_काका

आलोच. पेनसिल्वेनियावाल्यांनी एवढा वेळ मैदान अडवलं, आता ओहायोला जागा द्या.

बकाय म्हणजे आमच्या राज्याचं झाड, १९५३ पासून अधिकृत राज्यवृक्ष. त्याची बी गडद तपकिरी, चकचकीत, आणि त्यावर एक फिकट गोल डाग. हरणाच्या डोळ्यासारखी दिसते. ती बी विषारी आहे, खायची नाही; खिशात ठेवली तर नशीब उघडतं असं इथले लोक मानतात. आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे खेळाडूही बकायच. नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगनविरुद्ध अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो, त्या दिवशी कोलंबसमध्ये दुसरा विषय काढू नये.

मिठाईतला बकाय असा: पीनट बटरचा गोळा टूथपिकला टोचायचा आणि चॉकलेटमध्ये बुडवायचा, पण पूर्ण नाही. वर रुपयाएवढा भाग उघडा ठेवायचा. झाली ती बी. साठ-सत्तरच्या दशकांत हा प्रकार घरोघरी पसरला आणि आता नाताळच्या ताटात तो नसेल तर ओहायोच्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजा. कोलंबसमधल्या अँथनी-थॉमससारख्या मिठाईवाल्यांकडे तो बारमाही मिळतो, पण घरचा तो घरचा.

इथे एक सनातन वाद आहे. टूथपिक काढल्यावर राहिलेलं भोक बोटानं बुजवायचं की नाही? आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. मी बुजवणाऱ्यांतला. सौ. म्हणतात, भोक दिसलं म्हणजे हातानं केलाय हे कळतं, बुजवताय कशाला. मुलं मधल्या मध्ये ताट संपवतात.

सातारी_कंदील, कृती घ्या. दाणे ४०० ग्रॅम. मंद आचेवर खमंग भाजा, घाई केलीत तर बाहेरून डाग आणि आत कच्चे. सालं पाखडून काढा. इथे डोळ्यांत तेल घालून निवडा: सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा संशय असलेला एकही दाणा नको. एक खवट दाणा सगळा घाणा कडू करतो, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून जात नाही.

मग मिक्सर. आपल्याकडचा मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, मोटर तापते. आधी कूट होईल. मग तो भांड्याच्या कडेला चिकटेल, मग ओलसर गोळा होईल, आणि इथे बहुतेक जण हात टेकतात आणि तेल ओततात. ओतू नका. कडा खरवडून परत फिरवा. दाण्यात जवळपास निम्मं तेलच आहे, ते सुटलं की गोळा मोडून सैल होतो.

त्यात ८० ग्रॅम मऊ लोणी, २५० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा मीठ, थोडा व्हॅनिला. मिठात कंजुषी नको. मीठ कमी पडलं की तो निव्वळ गोड गोळा. इथल्या पिठीसाखरेत थोडा कॉर्नस्टार्च असतो, तुम्ही घरी दळलेली घेतलीत तर सारण किंचित चिकट वाटेल. मग दोन चमचे दूधपावडर घाला. सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे करा, ४५-५० होतील. तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग ३०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये बुडवा. डार्कच घ्या. आत इतकी साखर असताना वर दुधाचं चॉकलेट मला गिळगिळीत गोड लागतं.

सातारी_कंदील

काका, गूळ चालेल? आणि लाडवावर चॉकलेट का नको ते कोणी सांगितलं नाही.

कोलंबसकर_काका

ताई, चॉकलेटचा वैरी पाणी. किसलेल्या गुळात ओल असते. ती आत राहिली तर एक तर सारण आवळून येतं, कारण दाण्याच्या लोण्यात चार थेंब पाणी पडलं तरी ते सैल व्हायच्या ऐवजी घट्ट होतं (दूध घालून बघा, चटकन कळेल). आणि वरचं कवच आतून ओलसर होऊन टिकत नाही. बाजारात गुळाची कोरडी पावडर मिळते ती वापरा. दाण्याचा लाडू त्याच दिवशी खायचा असेल तर खुशाल बुडवा, एकादशीला चॉकलेट चालतं की नाही ते मात्र घरातल्या ज्येष्ठांना विचारा.

दादरचा_दिवा

इथे मुंबईत माझा अनुभव सांगतो. एका क्लासमध्ये चॉकलेट शिकलो, तिथे सगळं कंपाउंड चॉकलेटवर. वितळवा, साच्यात ओता, फ्रिज, झालं. घरी चांगलं खरं चॉकलेट आणून केलं तर बुडवलेले गोळे बाहेर काढल्या काढल्या चिकट, मळके दिसायला लागले. क्लासवाल्यांना विचारलं तर 'कंपाउंडच वापरा' एवढंच उत्तर. कंपाउंडमध्ये वाईट काय आहे नेमकं?

कोलंबसकर_काका

वाईट काही नाही, वेगळं आहे. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते, ती कशीही गार केली तरी गोठते. म्हणून क्लासवाल्यांना सोपी. पण ती तोंडात तशी विरघळत नाही, जिभेवर मेणासारखा थर राहतो.

खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर लहरी आहे. ते सहा तऱ्हांनी गोठू शकतं आणि आपल्याला त्यातली एकच हवी, जी चकाकते, कट्कन तुटते आणि साधारण ३४ अंशाला, म्हणजे तोंडात, वितळते. ती मिळवायला टेंपरिंग करावं लागतं. डार्क असेल तर ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवा, परत ३१-३२ वर आणा आणि त्याच तापमानात काम उरका. दुधाचं असेल तर सगळं दोनेक अंश खाली. शंभर-दोनशे रुपयांचा का होईना, थर्मामीटर घ्या. बोट लावून अंदाज घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, पण त्यांनी जन्म घातलाय त्यात.

सोपी युक्ती: दोन तृतीयांश चॉकलेट वितळवा, आचेवरून उतरवा, उरलेलं बारीक चिरून त्यात घाला आणि ढवळत राहा. चिरलेल्यात हवे ते स्फटिक असतातच, ते बाकीच्याला वळण लावतात. वाफ आत जाऊ देऊ नका, एका थेंबानं सगळं चॉकलेट दाणेदार, घट्ट होऊन बसतं. आणि मुंबईत हे काम एसी लावूनच करा. मे महिन्यात तर विचारही नको, तुमच्या खोलीचंच तापमान चॉकलेटच्या वर असतं.

घाटमाथा_उतरंड

अवांतर: हर्षीचं चॉकलेट मला एकट्यालाच आंबूस लागतं का? पहिल्यांदा खाल्लं तेव्हा जुना माल दिलाय असंच वाटलं होतं.

तळटीप

एकट्यालाच नाही. युरोपीय लोकांची तर ही ठरलेली तक्रार. दुधातल्या चरबीचं अंशतः विघटन होऊ दिलं की ब्युटिरिक आम्ल तयार होतं, त्याची ती छटा, असं जाणकार म्हणतात. अमेरिकनांना तीच चॉकलेटची चव वाटते कारण लहानपणापासून तेच खाल्लंय. आणि मला विचाराल तर पीनट बटरच्या खारटपणाबरोबर ती आंबूस छटा जमून जाते. नुसता बार मी खाणार नाही, कप मात्र सोडत नाही.

पीनट बटर कशाला म्हणायचं यावरूनही अमेरिकेत रणकंदन झालंय. १९२० च्या दशकात जोसेफ रोझफील्डनं तेल अंशतः हायड्रोजनेट करून, म्हणजे थोडं घट्ट करून, पीनट बटर न फुटता (तेल वर न येता) टिकेल अशी युक्ती काढली. ती सोय झाली खरी, पण मग स्वस्त तेलं ढकलायला वाट मिळाली. १९५९ मध्ये सरकारनं म्हटलं, ९५ टक्के दाणे हवेत. कंपन्या ८७ वर अडल्या. वाद दहा वर्षांवर चालला, कोर्टात गेला आणि ९० टक्क्यांवर तोडगा निघाला. घासाघीस करावी तर अशी.

डॉ_निवांत

छान चाललाय धागा. एक सूचना टाकतो, रसभंग होत असेल तर माफ करा.

परदेशातल्या पालकांनो, घरी केलेले असले गोळे शाळेत वाटायला पाठवू नका. बऱ्याच अमेरिकी शाळांत दाण्यावर बंदी किंवा निर्बंध आहेत, आणि ते उगाच नाहीत. दाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला घासभरानंही जिवावर बेतू शकतं. दुकानातल्या पाकिटावर दाण्याचा उल्लेख अमेरिकेत कायद्यानं बंधनकारक आहे, तुमच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं. भारतातून नव्यानं आलेल्यांना हे चटकन लक्षात येत नाही कारण आपल्याकडे दाण्याचा कूट कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत सगळीकडे.

पूर्वी सल्ला असा होता की धोका असलेल्या बाळांना दाणे उशिरा द्या. २०१५ मध्ये एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात उलट दिसलं, लवकर सुरू केलेल्या बाळांत अ‍ॅलर्जी खूपच कमी. त्यानंतर सल्ला बदलला. पण ज्या बाळाला तीव्र एक्झिमा (इसब) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला आधी डॉक्टरांना दाखवा, इथलं वाचून प्रयोग नकोत. आणि लहान मुलांना अख्खे दाणे कधीच नाहीत, घशात अडकतात.

रेवाकाठी

रसभंग कसला डॉक्टर, हवंच होतं. चर्चच्या प्रत्येक खोक्यावरही दाण्याची सूचना ठळक छापलेली असते. आणि नारळाची अंडी वेगळ्या दिवशी करतात, काटे-भांडी वेगळी. तरी अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्या सरळ सांगतात, आमच्याकडून काहीच घेऊ नका, हॉल एकच आहे.

कूटनीती

भारतातून करायचं तर दाणे कुठले घ्यावेत? किराणावाल्याकडे बोल्ड आणि जावा असे दोन दिसतात.

कोलंबसकर_काका

इथे पीनट बटरला बहुतेक रनर जातीचे दाणे जातात, मध्यम, एकसारखे, म्हणून सगळे एकदम भाजले जातात. मिठाईत स्पॅनिश, लाल सालीचे बारीक, तेलकट. तुमचा जावा त्याच धाटणीचा. मी पुण्यात आलो की जावाच घेतो, वास चांगला आणि लोणी लवकर सुटतं. बोल्ड भाजायला सोपा आणि साल पटकन निघते. दोन्ही मिसळायचे असतील तर भाजताना वेगळे भाजा.

दादरचा_दिवा

केले! एसी लावून, थर्मामीटर घेऊन, थोडं चॉकलेट चिरून घालून. चकाकी आली, तुटतानाचा आवाजही आला. घरात बायकोनं भोक न बुजवणारा पक्ष स्वीकारलाय.

एकच अडचण. डबा बाहेरच टेबलावर ठेवला होता, तर दहा-बारा दिवसांनी काहींवर पांढरट ढग आलेत. बुरशी आहे का? टाकून देऊ?

कोलंबसकर_काका

टाकू नका. बोट फिरवा, ढग पुसला गेला किंवा वितळला तर ती चरबी आहे. बुरशी असेल तर केसाळ दिसते आणि वास येतो, ती मात्र फेका. दाण्याचं तेल साध्या तापमानाला पातळ असतं, ते हळूहळू सारणातून वरच्या चॉकलेटमध्ये झिरपतं, कोको बटरला मऊ करतं आणि ते पृष्ठभागावर येऊन पांढरं दिसतं. पीनट बटरच्या सगळ्याच चॉकलेटांचं हे दुखणं आहे, मोठे कारखानेही त्याच्याशी झगडतात. खायला काही धोका नाही, फक्त कट्कन तुटत नाही.

पुढच्या वेळी सारणात दोन चमचे वितळलेलं कोको बटर किंवा थोडं डार्क चॉकलेट मिसळा, तेल जरा बांधलं जातं. कवच फार पातळ ठेवू नका. आणि डबा टेबलावर नको, घट्ट झाकणाचा डबा फ्रिजच्या दारात, खाताना अर्धा तास आधी डबा बंदच ठेवून बाहेर काढायचा. उघडा काढलात तर मुंबईची दमट हवा लगेच त्यावर पाणी धरेल.

सातारी_कंदील

माझे दहा दिवस टिकतील असं वाटत नाही, सासूबाईंनी सकाळपासून तीनदा डबा उघडलाय. गुळाच्या पावडरीचे जमले बरं का काका, रंग जरा काळपट आला पण चव झकास. फोटो चढत नाहीये, अ‍ॅडमिन बघा जरा.